कडू तेवढीच

संमतीपत्र सतरा पानांचं होतं,
मीही तेव्हा सतराचाच.
मराठी कुणीतरी कोशात बघून केलेली:
'दुहेरी अंध अभ्यास'.
आई तिथेच थबकली. म्हणाली,
याच्या डोळ्यांना काही होणार नाही ना?
झरीन मॅडम हसल्या. नाही हो मावशी,
अंध म्हणजे आम्ही, आणि हा.
कुणाच्या डबीत औषध, कुणाच्या नुसती गोळी,
कुणालाच माहीत नसतं.

नुसती गोळी.
घर येईपर्यंत आई तेच चघळत होती.
लालबागच्या गल्लीत मिरच्या कुटत होते,
शिंकत शिंकत चाललो दोघं,
आणि मध्येच थांबून, पदराने नाक पुसत ती:
नुसती द्यायची तर एवढ्या सह्या कशाला?

फाइलवरून माझं नाव गेलं,
उरलं शून्य-चार-एक-सात.
पिवळी वही मिळाली.
तारीख. वेळ. किती मिनिटं. कोण जवळ होतं.
शेवटच्या रकान्यात बहुतेकदा आई,
एकदा कॉलेजचा शिपाई,
एकदा एक कुल्फीवाला, ज्याने डोक्याखाली
स्वतःची चप्पल दिली म्हणे.
फिट येते तेव्हा मी तिथे नसतोच.
माझ्याच आयुष्याचं
ऐकीव लिहीत गेलो मी, निळ्या शाईत.

दर चौथ्या बुधवारी परळ.
चार नळ्या रक्त, उरलेल्या गोळ्या टेबलावर मोजायच्या,
पाचशे रुपये प्रवासखर्च,
रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही.
काळाचौकीहून मी चालत येतो
हे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तिथे फ्लेविया. शून्य-चार-दोन-दोन.
गोराईहून निघायची, खाडी बोटीने ओलांडून.
कठड्याजवळ बसायचं नाही, घरची ताकीद.
म्हणून कठड्याला टेकूनच यायची.
एका बुधवारी जिन्याखाली
आम्ही एकेक गोळी दातांनी फोडली,
अर्धी अर्धी बदलून चाखली.
माझी कडू?
कडू. माझी?
तेवढीच.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
कुठल्याशा कारखान्यात कुणीतरी
खोट्या गोळीतही मोजून कडूपणा घातला होता,
आमच्यासाठी.
एवढी निगा खऱ्याची पण नाय राखत कोण,
ती म्हणाली, आणि थुंकली.

त्या दिवशी दोघांच्याही मोजणीत एक गोळी कमी.
गटारात पडली, दोघांची एकच थाप.
झरीन मॅडमनी ती
दोन फाइलींत, सुवाच्य अक्षरात लिहिली.

अठरा पूर्ण झाली त्या आठवड्यात फोन:
नवी सही लागेल, आईची आता चालणार नाही.
तीच सतरा पानं.
पान नऊ: आपण केव्हाही, कारण न देता,
यातून बाहेर पडू शकता.
आईने ते वाक्य बोट ठेवून दोनदा वाचलं.
तिला असं कुणी कधी लिहून दिलं नव्हतं.
माझी सही अजून ठरलेली नव्हती,
'ज'चं शेपूट प्रत्येक पानावर वेगळं.

जानेवारीनंतर फ्लेविया आली नाही.
दुसऱ्या सहभागींबद्दल सांगता येत नाही,
झरीन मॅडम म्हणाल्या. नियम बरोबरच आहे.
त्या ड्रॉवर उघडून बंद करत राहिल्या.

दोन वर्षांनी पाकीट आलं.
नुसती गोळी.
आईने वही काढली, चष्मा लावला.
आधीच्या वर्षात चौदा. अभ्यासाच्या वर्षात अकरा.
मग या तीन कुणी थोपवल्या रे?
परत मोजल्या. तीनच.
मी म्हणालो, योगायोग.
तिने वही गव्हाच्या डब्यामागे ठेवली,
जिथे ती रेशनकार्ड ठेवते.

आता खरी गोळी बाजारात मिळते, मीही घेतो.
तिच्यावर गोड थर आहे.
गिळायची सोडून
मी ती जिभेवर धरून ठेवतो,
थर विरघळेपर्यंत.